पावसाळ्यात फोटो धुरकट येतात? लेन्स उघडायच्या आधी हे करून बघा

गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्या पडवीत दरवर्षी एक तरी कॅमेरा आजारी होऊन येतो. रात्रभर गाडी चालवून मुंबईहून आलेला पुतण्या पाय धुतो, माटवी (गणपतीच्या वर टांगायची पानाफुलांची चौकट) बांधायला घेतलेली दिसते म्हणून लगेच कॅमेरा काढतो, चार फोटो घेतो आणि तसाच माझ्याकडे येतो. "काकी, कॅमेरो बिघडलो गो. सगळे फोटो धुरकट येतत." मी कॅमेरा त्याच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवते आणि त्याला आधी चहा घ्यायला सांगते. चहा-पोहे होईस्तोवर बहुतेक वेळा कॅमेरा आपला आपण बरा झालेला असतो. का, ते पुढे येईलच.

मी कॅमेरा दुरुस्त करणारी नव्हे. कुडाळजवळच्या आमच्या वाडीत परसातली झाडं, चुलीपुढची माणसं, पन्हळीखाली कळशा लावणारी पोरं, असले घराजवळचेच फोटो काढत आले आहे. आधी साधा फोन होता, मग जुना वापरलेला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घेतला, आता दोन्ही वापरते. पण इथे चार महिने हवा ओल्या फडक्यासारखी असते, त्यामुळे ही एकच तक्रार माझ्या स्वतःच्या आणि शेजारपाजारच्या कॅमेऱ्यांवर इतक्या वेळा निस्तरली आहे, की आता क्रम ठरून गेला आहे. फुकटचं आणि सोपं आधी, खर्चाचं शेवटी. आणि सगळं बाहेरून आत. बाहेरची काच आणि समोरचं पान आधी, काचेच्या आतलं शेवटी. लोक नेमकं उलट करतात, पहिल्याच दिवशी बुरशीची शंका घेऊन यूट्यूब उघडतात.

आधी लक्षणं नीट बघा

"धुरकट" हा शब्द लोक सहा-सात वेगवेगळ्या दुखण्यांना वापरतात. फोटो कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर बघू नका. मोठ्या पडद्यावर मोठा करून बघा आणि यातलं काय दिसतं ते ठरवा.

– सगळ्या फोटोवर दुधाची साय धरल्यासारखं पांढरेपण, काळं असं कुठे काळं दिसतच नाही. घरातून किंवा गाडीतून बाहेर आल्यावर सुरू झालं आणि हळूहळू कमी होत गेलं.
– समईच्या ज्योतीभोवती मोठं वलय, किंवा प्रत्येक दिव्यातून एकाच दिशेला गेलेली लांब रेघ.
– फूल पुसट, पण मागची चिऱ्याची भिंत अगदी स्वच्छ.
– सगळंच किंचित हललेलं, पानाची कडा दोनदा उमटलेली.
– फक्त ओली पानं पांढरट, त्याच फोटोतला माणसाचा चेहरा मात्र उत्तम.
– उजेड समोरून असला तरच फिकट, उजेडाकडे पाठ केली की ठीक.
– प्रत्येक फोटोत त्याच जागी तोच राखाडी ठिपका.
– फोटो चांगला आहे, पण कॅमेऱ्याला डोळा लावला की सगळं अंधुक दिसतं.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं वाचायचीच गरज नाही. डोळा लावायच्या भिंगाशेजारी एक छोटं चाक असतं. ते चष्म्याच्या नंबराप्रमाणे जुळवायचं असतं आणि पिशवीत घासून फिरतं. आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत फिरवा, संपलं. या एका चाकापायी कॅमेरा विकायला काढलेला माणूस मी पाहिला आहे.

१. काच पुसा, पण पदराने नको

फोनच्या बाबतीत निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. फोनची भिंगं आपण दिवसभर बोटांनी चोळत असतो, आणि कोकणातलं बोट म्हणजे खोबरेल, ओल्या नारळाचा चव आणि माशाचं काहीतरी. तेलाचा पातळ थर प्रकाश विखुरतो आणि फोटोवर साय येते. दिव्यातून लांब रेघ निघत असेल तर खूण पक्की: कोणीतरी काच एकाच दिशेने पुसली आहे आणि तेलाच्या बारीक रेघा राहिल्या आहेत. प्रकाशाची रेघ त्या रेघांना काटकोनात पडते. म्हणजे दिव्याची रेघ उभी असेल तर पुसणाऱ्याचा हात आडवा फिरलेला असतो.

आधी रबरी ब्लोअरने हवा मारा. ब्लोअर नसेल तर मऊ ब्रशने धूळ झटका. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण उडतात. मग चष्म्याबरोबर मिळतो तो मायक्रोफायबरचा कपडा घेऊन मधून कडेकडे, गोल फिरवत पुसा. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी एक जास्त लक्षात ठेवायचं. खाऱ्या वाऱ्याने काचेवर मिठाचे बारीक खडे बसतात, ते कोरड्या कपड्याने चोळले तर ओरखडे पडतात. कपड्याचा कोपरा लेन्सच्या द्रवाने किंचित ओला करून आधी मीठ विरघळू द्या. द्रव कपड्यावर घ्यायचा, काचेवर थेंब सोडायचा नाही, नाहीतर तो कडेने आत झिरपतो. खिडक्या पुसायचं निळं पाणी वापरू नका, लेन्सच्या लेपाला ते मानवत नाही.

२. पुढचा फिल्टर काढून एक फोटो घ्या

दुकानदार लेन्सबरोबर एक सपाट काच, म्हणजे फिल्टर, गळ्यात मारतात, "संरक्षणाला" म्हणून. स्वस्त काच असेल तर समोरच्या उजेडात तीच फोटो फिकट करते, आणि समईचं भूत फोटोच्या दुसऱ्या कोपऱ्यात उमटतं. पावसाळ्यात आणखी एक भानगड असते: फिल्टर आणि लेन्स यांच्यामध्ये ओली हवा कोंडते आणि बाष्प तिथे धरतं. बाहेरून कितीही पुसा, जात नाही, आणि माणसाला वाटतं लेन्सच्या आत पाणी गेलं. फिल्टर काढा, दोन्ही बाजू पुसा, फिल्टरशिवाय तोच फोटो घ्या. फरक पडला तर गुन्हेगार सापडला. फिल्टर अडकला असेल तर कडेभोवती जाड रबरबँड गुंडाळून फिरवा. पक्कड लावू नका, पातळ कडी लगेच दबते आणि मग कायमची अडकते.

३. काही करू नका, थांबा

हीच ती चहाची पायरी.

फ्रिजमधली बाटली ओट्यावर ठेवली की घामेजते, तेच कॅमेऱ्याचं होतं. भाद्रपदात आमच्याकडे हवा २७ अंश असली आणि आर्द्रता ९० टक्के, तर २५ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. फक्त दोन अंशांचा फरक! एसी २२ वर ठेवून रात्रभर चालवलेल्या गाडीतला कॅमेरा बाहेर काढला की त्याच्या काचेवर, पडद्यावर, धातूवर लगेच दव बसतं. कॅमेरा २५ च्या वर तापला की ते आपोआप उडतं. छोट्या कॅमेऱ्याला पंधरा-वीस मिनिटं, मोठ्या जड लेन्सला पाऊण तासही लागतो.

तोवर दोन गोष्टी टाळायच्या. एक, पुसत बसू नका. काच थंड आहे तोवर दव परत धरणारच, आणि पुसून पुसून तुम्ही त्यावर तेलकट रेघा मात्र उमटवाल. दुसरी जास्त महत्त्वाची: दव आहे तोवर लेन्स काढू नका. लेन्स काढली की ती ओली हवा थेट सेन्सरवर, म्हणजे फोटो उमटतो त्या आतल्या भागावर जाते, आणि बाहेरचं साधं दुखणं तुम्ही हाताने आत नेता.

टाळायचा उपाय फुकटचा आहे. एसीतून निघायच्या आधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि पिशवीसकट बाहेर आणा. दव पिशवीवर धरेल, कॅमेऱ्यावर नाही. पिशवी हाताला कोमट लागली की उघडा. गाडीने येणाऱ्यांनी शेवटचा अर्धा तास एसी बंद करून काचा खाली करायच्या. माझा पुतण्या आता कणकवली सोडली की एसी बंद करतो. बायको वैतागते, पण फोटो चांगले येतात.

स्वयंपाकघरातही हेच घडतं. मोदकपात्राचं झाकण उघडतानाचा फोटो सगळ्यांना हवा असतो आणि सगळे वाफेच्या तोंडात फोन धरतात. हातभर मागे, बाजूला उभं राहा. खिडकी वाफेच्या पलीकडे येईल अशी जागा धरा, वाफ उजळून दिसते आणि काच कोरडी राहते.

कॅमेरा तापून बाहेरचं दव उडाल्यावरही काचेच्या आतल्या बाजूला दव दिसत असेल, म्हणजे पुढून पुसून आणि मागून पुसूनही मध्ये कुठेतरी धुकं राहत असेल, तर लेन्स कॅमेऱ्यावरून उतरवून दोन्हीकडची झाकणं काढा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरपूर सिलिका जेलबरोबर एक-दोन दिवस ठेवा. हेअर ड्रायर नको. गरम हवेने वंगण पातळ होऊन काचेवर येतं आणि मग कायमची साय बसते. उन्हात उघडी लेन्स ठेवणंही नको, भिंग म्हणजे शेवटी भिंगच, उन्हाने खालचं काहीतरी जाळेल. आणि तांदळाच्या डब्यात अजिबात नको. हे मी स्वतः करून बसले आहे. ओल फारशी गेली नाहीच, पण तांदळाची पिठी झूमच्या कडीत जाऊन बसली ती अजून करकरते.

४. धूर काचेवर आहे की पानावर?

हे मला कळायला तीन पावसाळे लागले, म्हणून इथे जरा रेंगाळते.

पावसानंतर केळीचं पान डोळ्यांना हिरवंगार दिसतं, फोटोत मात्र राखाडी-पांढरट येतं. फणस, जायफळ, कर्दळ, पेव यांचंही तसंच. कॅमेऱ्यात काही बिघाड नसतो. ओलं, मेणचट पान हा आरसा आहे आणि त्यात पांढरं आभाळ दिसतं. आपला मेंदू ती चकाकी वजा करून हिरवा रंग बघतो, कॅमेरा करत नाही. ओळखायची खूण वर दिलीच आहे: त्याच फोटोत कोरडी भिंत किंवा चेहरा चांगला असेल, तर दोष काचेत असूच शकत नाही. काच धुरकट असती तर सगळंच धुरकट आलं असतं.

अळू याला अपवाद, कारण अळवाचं पान भिजतच नाही. पाणी मोत्यासारखं घरंगळतं. पण त्या मोत्यातच आभाळाचं आणि झाडांचं चिमुकलं प्रतिबिंब असतं, आणि कॅमेरा कधीकधी पानाऐवजी त्यालाच धरून बसतो. मग थेंबातलं आभाळ स्पष्ट आणि पानाच्या शिरा पुसट.

चकाकीवरचा पहिला उपाय घरातच आहे: काळी छत्री. कोणाला तरी पानाच्या वर, फोटोच्या चौकटीबाहेर छत्री धरायला सांगा. पानात आता आभाळाऐवजी काळं कापड दिसतं आणि हिरवा रंग झपकन गडद होतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दहा मिनिटं नुसती छत्री उघडझाप करत बसले होते. रंगीबेरंगी छत्री चालत नाही, तिचा रंग पानावर उतरतो.

खर्च करायचा असेल तर पोलरायझर नावाचा फिरता फिल्टर मिळतो. लेन्सवर लावून हळूहळू फिरवायचा, एका जागी चकाकी विझते. पानाच्या सपाटीशी साधारण ३५ अंशांच्या तिरप्या कोनातून बघितलं तर सर्वांत चांगला चालतो, अगदी वरून बघितलं तर जवळपास काहीच करत नाही. प्रकाश मात्र एक ते दोन स्टॉप, म्हणजे निम्मा ते पाऊण हिस्सा खातो, त्यामुळे सुपारीच्या बागेत भर दुपारीही शटर मंद होतं, जास्त वेळ उघडं राहतं. घ्यायच्या आधी खात्री करायची असेल तर कोणाचा तरी पोलराइज्ड गॉगल मागून घ्या, फोनच्या भिंगासमोर धरा आणि फिरवून बघा.

याच जातीचा आणखी एक खोटा आजार म्हणजे शेरवड. माटवीला बांधतो त्या शेरवडाचं पांढरं "पान" म्हणजे खरं तर फुलाची वाढलेली एक पाकळी, बाहेरच्या वेढ्यातली. बाजूच्या गडद हिरव्याच्या मानाने ती इतकी पांढरी असते की फोटोत नुसता कागदाचा तुकडा दिसतो, शिरा गायब. अनंत, तगर, मोगरा यांचंही तेच. फोटो उजळ-गडद करायची प्रकाशाची पट्टी वजा एकच्या आसपास न्या, शिरा परत येतात. लाल जास्वंदालाही हाच उपाय, तिथे लाल रंग ओसंडून पाकळीचा सपाट डाग होतो.

५. फार जवळ गेलात

प्रत्येक भिंगाला एक किमान अंतर असतं, त्याच्या आत गेलात तर फोकस होणारच नाही. कॅमेऱ्याच्या लेन्सवर ते लिहिलेलं असतं, आणि ते लेन्सच्या टोकापासून नव्हे, आतल्या सेन्सरपासून मोजतात. नव्या फोनमध्ये सेन्सर मोठे झाले तसं मुख्य कॅमेऱ्याचं अंतरही वाढलं. बऱ्याच फोनना आता फूल वीतभर लांब लागतं. त्याहून जवळ गेलं की काही फोन गुपचूप रुंद कोनाच्या कॅमेऱ्यावर उडी मारतात, फुलाचं छोटं चिन्ह दिसतं तेव्हा तेच झालेलं असतं. भर उजेडात ते चालतं, झाडाखालच्या अंधारात फोटो चिखल होतो. थोडं मागे या, मुख्य कॅमेऱ्यानेच काढा आणि नंतर कापा.

कळलावीचं फूल हा फोकसचा सगळ्यात वाईट गिऱ्हाईक. पाकळ्या मागे वळलेल्या, पुंकेसर चारी बाजूंना आडवे पसरलेले, मध्ये नुसती हवा. कॅमेरा त्या हवेतून आरपार मागचं कुंपण धरतो. मधला एकच फोकस-बिंदू निवडा आणि तो जवळच्या पुंकेसराच्या टोकावर ठेवा. फोनवर बोटाने तिथेच टेकवा. (हे झाड कंदापासून बीपर्यंत विषारी आहे. फोटोसाठी तोडून घरात आणू नका, पोरं तोंडात घालतात.)

आणि लेन्सच्या बाजूचं ऑटो-मॅन्युअल बटण बघा. पिशवीत सरकतं. बघाच.

६. वृंदावनाची चाचणी

इथपर्यंत फुकटचं सगळं झालं. आता दोष परिसराचा, हाताचा की यंत्राचा, हे एकदाच ठरवून टाकायचं. त्यासाठी अंगणातलं तुळशी वृंदावन उत्तम: हलत नाही, नक्षी असते, उजेडात असतं. वृंदावन नसेल तर वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवा.

कॅमेरा स्टुलावर पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा. अंतर दीड-दोन मीटर. अॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) एफ ८. दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बटण दाबताना हात लागणार नाही. एक फोटो डोळा लावून फोकस करून घ्या, एक मागच्या पडद्यावर फोकस करून. मग कॅमेरा हातात घेऊन तोच फोटो, आणि शेवटी शेजारच्या एखाद्या पानाचा.

वृंदावन स्टुलावरून स्वच्छ, हातातून पुसट: हात हलतो. वृंदावन दोन्हीकडून स्वच्छ, पान पुसट: वारा. या दोन्हींवर औषध एकच, शटरचा वेग. जवळून काढलेल्या फोटोत पान केसभर हललं तरी दिसतं, म्हणून मी सेकंदाच्या १/२५० पेक्षा मंद शटर ठेवत नाही, आणि लोंबणाऱ्या फुलांना १/५००. सुपारी-नारळाच्या सावलीत त्यासाठी आयएसओ (प्रकाश टिपायची कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० करावा लागतो. करा. दाणेदार फोटो बघवतो, हललेला बघवत नाही. अॅपर्चर एफ २२ वगैरे करून सगळं स्पष्ट येईल या आशेने बसू नका, इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि फोटो उलट मऊ होतो.

पडद्यावरचा फोकस स्वच्छ पण डोळा लावून केलेला पुसट: डीएसएलआरच्या फोकसची आतली जुळणी बिघडली आहे. काही कॅमेऱ्यांत मेनूमध्ये सुधारणा करता येते. नसेल तर सर्व्हिसवाल्याचं काम. तोवर पडद्यावर फोकस करून काढत राहा.

स्टुलावरून, टायमरवर, दोन्ही पद्धतींनी वृंदावन धुरकटच: मग मात्र लेन्सच्या आत डोकवायचं.

७. टॉर्च

लेन्स उतरवा, दोन्ही झाकणं काढा. काही लेन्सना मागे छोटी दांडी असते, ती हलकेच सरकवली की आतलं अॅपर्चर उघडतं. दांडी नसलेल्या बहुतेक लेन्सचं उघडंच असतं. अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने फोनचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा. टॉर्च सरळ डोळ्यात येऊ देऊ नका, आणि टॉर्चऐवजी सूर्य तर कधीच नको.

सुटे ठिपके दिसले तर ती धूळ. प्रत्येक लेन्समध्ये असते, फोटोत दिसत नाही, विसरून जा. एकसारखी साय दिसली तर वंगणाची वाफ किंवा जुनी ओल. काठाला इंद्रधनुष्य दिसलं तर चिकटवलेल्या दोन काचा सुटत आहेत. आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे, फांद्या फुटलेले पांढरे बारीक धागे दिसले तर ती बुरशी.

बुरशी दिसली की माणूस घाबरतो. काठाला दोन-चार धागे असतील तर फोटोत फरक कळतही नाही. मध्यभागी पसरली की समोरच्या उजेडात फोटो फिकट पडतो, हे वरच्या यादीतलं सहावं लक्षण. थांबायला वेळ मात्र नाही, कारण बुरशी आम्ल सोडते आणि ते काचेवरचा लेप खातं. वेळेत साफ केली तर काही राहत नाही, उशीर झाला तर बुरशी जाते आणि तिची नक्षी काचेवर राहते. माझी ५० मिलिमीटरची लेन्स एका वर्षी गणपतीपासून दिवाळीपर्यंत चामड्याच्या पिशवीत, लाकडी कपाटात पडून राहिली. चामडं ओल धरतं, कपाट अंधारं, बुरशीला आणखी काय हवं? साफ करून आणली, पण एक फांदी अजून आहे. ती लेन्स मी आता फक्त उजेडाकडे पाठ करून वापरते.

सातवं लक्षण, म्हणजे एकाच जागचा ठिपका, हे लेन्सचं नाही, सेन्सरवरच्या धुळीचं. एफ १६ वर पांढऱ्या आभाळाचा फोटो घ्या, ठिपके उठून दिसतील. मेनूतली सेन्सर सफाई चालवा, मग कॅमेरा उलटा धरून ब्लोअरने हवा मारा. कापूस, काडी, बोट काही आत घालायचं नाही.

इथे थांबा आणि कारागिराकडे जा

– लेन्सच्या आत बुरशीचे धागे किंवा साय. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने घरी सफाईचे व्हिडिओ भरपूर आहेत. काच पुसणं सोपं असतं, परत त्याच जागी सरळ बसवणं अवघड. केसभर तिरकी बसली की फोटोची एक बाजू कायमची पुसट.
– आतलं दव दोन दिवस कोरड्या डब्यात ठेवूनही गेलं नाही.
– फोनच्या भिंगाच्या काचेआड धुकं. याचा अर्थ फोनचं सील फुटलं आहे. चार्जिंगला लावू नका, बंद करून न्या. पाण्यापासून संरक्षणाची चाचणी गोड्या पाण्यात आणि नव्या फोनवर होते, दोन वर्षं पडझड झालेल्या फोनला खाडीच्या पाण्यात ती लागू नाही.
– कॅमेरा खाऱ्या पाण्यात पडला. बॅटरी आणि कार्ड काढा आणि त्याच दिवशी न्या. "सुकला की चालू करून बघू" म्हणून ठेवलात तर मीठ आतल्या तारा खातं.
– फोकस करताना करकर आवाज, किंवा झूम मध्येच अडकतं.
– ब्लोअरने न गेलेला, चिकट दिसणारा सेन्सरवरचा डाग.

कॅमेऱ्याच्या बॉडीचा एकही स्क्रू घरी सोडू नका. फ्लॅशच्या आत एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग असतो, त्यात बॅटरी काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास साठलेले असू शकतात. झटका चांगलाच बसतो.

आमच्याकडून जायचं तर कोल्हापूर, पणजी नाहीतर थेट मुंबई, म्हणून मी आधी टॉर्चचा फोटो पाठवून अंदाजे खर्च विचारते. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या साध्या लेन्सची सफाई कधीकधी तीच वापरलेली लेन्स विकत घेण्याइतकी पडते, मग सफाईत अर्थ नाही. लेप खाल्ला गेलाय का, हे काम घेण्याआधी बघून सांगायला लावा. जो न बघताच "नवी होऊन येईल" म्हणतो त्याच्याकडे मी देत नाही.

परत होऊ नये म्हणून

महागडं कोरडं कपाट सगळ्यांनी घ्यायची गरज नाही. रबरी कडीचा, घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा, सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक एवढं पुरतं. आकडा ४० ते ५० च्या मध्ये ठेवायचा. ७० च्या वर राहिला तर बुरशी धरते, ३० च्या खाली गेला तर वंगण आणि रबर सुकतं. स्वस्त मापकं वाटेल ते दाखवतात म्हणून आधी तपासून घ्या: बाटलीच्या बुचात मीठ घेऊन त्यावर ओलं होण्यापुरतं पाणी टाका, ते आणि मापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ८१ दाखवत असेल तर ते सहाने जास्त सांगतं, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

डांबरगोळ्या डब्यात टाकू नका, त्यांची वाफ काचेवर बसते. जुनी माणसं कपाटात शून्याचा बल्ब लावून ठेवायची, ती युक्ती खरी होती, तारेच्या बल्बच्या उष्णतेने कपाट कोरडं राहायचं. आता शून्याचा म्हणून एलईडी मिळतो, तो तापतच नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

सिलिका जेल रंगाचं घ्या, म्हणजे भरलं की कळतं. निळं गुलाबी होतं, केशरी हिरवं पडतं. निळ्यात अपायकारक कोबाल्ट असतं म्हणून मी केशरीच आणते. पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी ते परसातल्या चुलीवर मंद आचेवर हलवत हलवत रंग परत येईपर्यंत तापवायचं, जोराची आच दिली तर दाणे करपतात. उतरवल्यावर लगेच झाकणाच्या बरणीत गार होऊ द्यायचं, उघड्यावर गार केलं तर तेवढ्यातच परत ओल पितं. भांडं स्वयंपाकाचं वापरायचं नाही. आमच्याकडे त्यासाठी कान तुटलेली एक कढई आहे, आणि ती मागच्या दारातून आत आणायची नाही असं सासूबाईंनी बजावून ठेवलंय.